एकाच बॅटरचा माणूस

त्या घरात सगळ्यांत मोठा मान होता तो एका डाव्या हाताला. मी अमेरिकेत अर्विंग या गावी काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्या संध्याकाळी त्यांचा मुलगा माझं सामान घ्यायला बाहेर आला. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच गडी. त्याने माझ्या दोन्ही अवजड बॅगा एकट्या उजव्या हातात कशाबशा कोंबल्या आणि डावा हात जॅकेटच्या खिशात तसाच ठेवून जिना चढला. मला वाटलं, बिचाऱ्याच्या हाताला काहीतरी झालेलं दिसतंय. काकूंना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काही झालेलं नाही हो त्याला. तो हात नोकरीला जातो, घरकाम करत नाही."

ती नोकरी म्हणजे बेसबॉल. तो पिचर होता, म्हणजे आपल्याकडचा बोलर. फक्त इथे धावत यायचं नाही आणि टप्पाही पाडायचा नाही, एका उंचवट्यावर उभं राहून फेकायचं. त्यातही त्याचं काम अगदी नेमकं होतं. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर जड जातो, म्हणून प्रत्येक टीम असा एखादा माणूस बाळगून असते. तो संध्याकाळभर मैदानाच्या कडेला, बुलपेन नावाच्या कुंपणामागे, सूर्यफुलाच्या बिया चघळत बसतो. समोरच्यांचा अवघड डावखुरा बॅटर आला की तिथला फोन वाजतो. मग हा धावत येतो, थोडे बॉल टाकून त्या एकट्याला आउट करतो आणि आंघोळीला निघून जातो. कुणी विचारलं तर काकू सरळ सांगायच्या, माझा मुलगा एका माणसाला आउट करतो. मराठी मंडळातल्या बायका विचारायच्या, आणि बाकीचा दिवस? काकू म्हणायच्या, बिया खातो.

इथे वरच्या लीगच्या खाली लहान लीगांची उतरंड असते. कॉलेज संपल्यापासून तो त्या उतरंडीवर वर-खाली करत होता. आज या गावात, उद्या त्या गावात, रात्रभर बसचा प्रवास आणि सकाळी मोटेलमधला गार पॅनकेक. उंबऱ्यापर्यंत तो कितीदा तरी जाऊन आला होता, आत बोलावणं मात्र एकदाही आलं नव्हतं. त्याला फार काही नको होतं. वरच्या लीगमध्ये एक दिवस, एक बॅटर, आणि मग हवं तर घरी पाठवा, असं तो म्हणायचा. पस्तिशी उलटली होती, केस विरळ व्हायला लागले होते, तरी त्याला त्या एका दिवसाची खात्री होती.

हिवाळ्यात खेळ बंद असतो. तेव्हा तो आईकडे यायचा आणि जवळच्या इंडियन ग्रोसरीत काउंटरवर उभा राहायचा. तिथे येणारी प्रत्येक मावशी त्याला विचारायची, हॉबी छान आहे रे, पण सेटल कधी होणार? तो हसून "लवकरच, मावशी" म्हणायचा आणि उजव्या हाताने भेंडी तोलायचा. तांदळाची पोती उचलायची वेळ आली की मालक स्वतः पुढे व्हायचा, कारण या नोकराचा एक हात दुसऱ्या कंपनीचा आहे हे त्यालाही मान्य होतं.

लहानपणी तो सगळं डाव्या हाताने करायचा. जेवायचाही. काकूंनी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिलं, प्रसाद तरी उजव्या हाताने घे म्हणून विनवण्या केल्या. ढिम्म हलला नाही. मग शाळेतल्या कोचने सांगितलं की हा हात जप. त्या दिवसापासून त्याने घास, दात, दरवाजे, स्टिअरिंग, सही, सगळं उजव्या हातावर ढकललं. सही तर अशी व्हायची की बँकेने दोनदा घरी फोन केला. गणपतीत मात्र तो उजवा हात पुढे करून अदबीने प्रसाद घ्यायचा आणि बायका म्हणायच्या, अमेरिकेत वाढून काय संस्कार आहेत मुलावर. काकू ते कौतुक निमूटपणे पदरात पाडून घ्यायच्या. मी शेजारी उभा असलो तर माझ्याकडे बघायचं टाळायच्या.

डाव्या हाताला एकच विरंगुळा होता. जॅकेटच्या खिशात एक जुना बॉल असायचा आणि तो दिवसभर त्याची शिवण चाचपत राहायचा. बँकेत, देवळात, दाताच्या डॉक्टरकडे, अगदी एका सत्यनारायणाच्या पूजेतसुद्धा. गुरुजींनी संकल्पासाठी हात पुढे करायला सांगितला, तेव्हा त्याने उजवा दिला. गुरुजी काही बोलणार कसे?

त्याचं मराठी हा एक वेगळाच प्रकार होता. सगळं समजायचं, बोलायचा मात्र फक्त हुकूम. लहानपणी आईच्या तोंडून जे रोज ऐकलं तेवढंच जिभेवर बसलेलं. चल, आटप. हळू. सांडू नकोस. इकडे बघ. खाली बस. हेच हुकूम तो खेळताना बॅटरला सोडायचा, पुटपुटत. एकदा टीव्हीवर त्याचा सामना दाखवत होते, तेव्हा त्याचे ओठ हलताना मी पाहिले. समोर दांडगा बॅटर, आणि हा त्याला स्पष्ट म्हणतोय, "गपचूप खाली बस." तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चुका, झाल्या की बॅटर आउट; हा तिसऱ्या स्ट्राइकला हवेत बॅट फिरवून खरोखरच जाऊन बसला. मला फार अभिमान वाटला, मराठीचाही.

आणि त्याचं एक पालुपद होतं, ज्याचा सुरुवातीला मला मनस्वी वैताग यायचा. माझ्या व्हिसाच्या कागदांवर शंका काढणारं पत्र आलं तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात बसून काकूंना माझं अख्खं भविष्य सांगत होतो. व्हिसा जाणार, मग नोकरी जाणार, मग नागपूरला परत, मग लग्नाचं काय, मग आईबाबांना काय तोंड दाखवू. तो फ्रिजमधून दहीभाताचा डबा काढत होता. कारण सामना असो नसो, त्याला रोज दुपारी लिंबाच्या लोणच्याबरोबर गार दहीभात लागायचा. त्याने विचारलं, "दादा, आत्ता बॅटिंगला कोण आहे?" मी म्हटलं, म्हणजे काय? "म्हणजे आत्ता, या मिनिटाला, तुझ्यासमोर कोण उभं आहे? बाकीचे डगआउटमध्ये बसलेत. जस्ट गेट दॅट वन गाय, यार." समोर वकिलाची ईमेल होती. ती लिहून टाकली. मी त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पण अजूनही हात-पाय गळाले की मनात पहिला प्रश्न तोच येतो, बॅटिंगला कोण आहे.

काकूंचं पालुपद वेगळं होतं. सोड आता. दर रविवारी फोनवर, आणि हिवाळ्यात तर समोरासमोर. त्या एका दवाखान्यात हिशेब बघायच्या, काका गेल्यापासून घर एकटीने ओढायच्या, आणि मुलाचं वय त्यांना रात्री झोपू द्यायचं नाही. त्या ओरडायच्या नाहीत. पोळी वाढताना, सहज आठवल्यासारखं म्हणायच्या, सोड आता. तोही तितक्याच सहज म्हणायचा, "एक सीझन, आई." दोघांनाही त्याची इतकी सवय झाली होती की ते म्हटल्याशिवाय जेवण पुरं व्हायचं नाही.

मी या सगळ्यात ओढला गेलो तो माझ्या बढाईमुळे. नागपूरला कॉलेजच्या टीमचा विकेटकीपर होतो, असं एकदा बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच दार वाजलं. हिवाळ्यात हात गंजू नये म्हणून त्याला सराव लागायचा आणि बॉल धरायला माणूस मिळायचा नाही. पार्कमध्ये त्याने मला छातीचा संरक्षक पट्टा आणि जाडजूड ग्लोव्ह चढवला, उकिडवं बसवलं आणि पहिला बॉल टाकला. तो माझ्या छातीच्या पट्ट्यावर आदळून बाजूच्या झुडपात गेला. दुसराही तिकडेच. तिसरा धरला आणि जुन्या सवयीने दोन्ही हात वर करून असं काही अपील केलं की कुत्रा फिरवणाऱ्या एका आजीबाई जागीच थबकल्या.

पण खरी अडचण पुढेच होती. आपला विकेटकीपर बॉल धरताना हात मागे घेतो, धक्का जिरवतो, आणि त्याच झोकात स्टंपांकडे नेतो. बेसबॉलच्या कॅचरने असं केलं की सत्यानाश. त्याने बॉल जिथे धरला तिथेच हात स्थिर ठेवायचा असतो, तरच मागच्या अंपायरला तो बॅटरच्या आवाक्यातला बॉल, म्हणजे स्ट्राइक, वाटतो. मी प्रत्येक बॉल आपला इमानदारीत स्टंपांकडे घेऊन जात होतो, जिथे स्टंपच नव्हते. तो उंचवट्यावरून शांतपणे म्हणाला, "दादा, माझा स्ट्राइक घेऊन कुठे निघालास?" ती सवय मोडायला माझा एक अख्खा हिवाळा गेला. त्या बदल्यात मी त्याला क्रिकेटमधले भरपूर सल्ले दिले, स्पिन, फ्लाइट, पीच वाचणं वगैरे. त्यातला एकही त्याच्या कामाला आला नाही, पण ऐकून घ्यायचा बिचारा.

आणि मग नियम बदलला. सामने लांबतात म्हणून ठरलं की नव्याने आलेल्या पिचरने निदान तीन बॅटरना तरी बॉल टाकायचे. एकाला आउट करून आंघोळीला जाणं बंद. बातमी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. त्याने फोन उलटा ठेवला आणि आमटी ओरपत राहिला. एका बॅटरचा माणूस आता कुणाला हवा होता? एक डावखुरा आउट केला तरी मागोमाग दोन उजवे आले तर काय, हा प्रश्न होता, आणि उजव्यांपुढे त्याची डाळ शिजत नसे. ते सगळ्या लीगला ठाऊक होतं. काकूंनी त्या दिवशी "सोड आता" म्हटलं नाही. तेव्हा मला कळलं की गोष्ट खरंच गंभीर आहे.

उजव्यांपुढे का जमत नाही, हे एव्हाना त्याच्या समोर बसून बसून मला समजलं होतं. उजव्या बॅटरला दबकवायचं तर मधूनमधून बॉल आत, त्याच्या कोपराजवळून, अंगालगत टाकावा लागतो. म्हणजे तो मागे सरकतो आणि बाहेरचे बॉल त्याला लांब पडतात. हा कधीच आत टाकायचा नाही. सगळे बॉल बाहेरून, सुरक्षित अंतरावरून. बॅटर खुशाल पुढे वाकून झोडपायचे. एक दिवस चहा पिताना मी हे काकूंना समजावून सांगत होतो. त्यांनी मुलाला विचारलं, मग टाकत का नाहीस आत? तो कपात बघत म्हणाला, "तूच नको म्हणालीस."

काकूंना आठवेना. मग त्यानेच आठवण करून दिली. शाळेत असताना त्याचा बॉल एका मुलाच्या बरगडीवर बसला होता. त्या मुलाच्या आईचा फोन आला. काकू नुकत्याच या देशात स्थिरावत होत्या, आपल्या मुलाने गोऱ्या माणसाचं पोर जखमी केलं या विचाराने त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्यांनी साजूक तुपातला शिरा केला, डब्यात भरला, मुलाला हाताला धरून त्या घरी नेलं, माफी मागायला लावली आणि परतताना गाडीत देवाची शपथ घ्यायला लावली की यापुढे कुणाच्याही अंगावर टाकणार नाही. त्या माणसांना शिरा कसा खायचा तेही कळलं नसेल. पण शपथ या पोराने इतकी वर्षं पाळली होती. लीगमधले कोच बदलले, गावं बदलली, सगळ्यांनी सांगून पाहिलं. आईची शपथ आहे हे तो कुठल्या तोंडाने सांगणार होता?

काकूंनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मी सोडवली शपथ." त्याने मान डोलावली, पण शपथ अशी चहाच्या टेबलावर सुटत नसते. दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये मी बॅटरच्या जागी कचऱ्याचा उंच डबा ठेवला, त्याला माझं जॅकेट घातलं. डब्याच्या अंगालगत तो झकास टाकत होता. मी खूश झालो. तो म्हणाला, "डब्याला आई नसते, दादा."

त्या शनिवारी काकू आमच्याबरोबर आल्या. अंगात लोकरीचं जाड जॅकेट, पायात बूट, आणि अंबाड्यावर बसेना म्हणून तिरपं घातलेलं त्याचं जुनं हेल्मेट. त्यांनी माझी क्रिकेटची बॅट उचलली आणि प्लेटच्या, म्हणजे बॅटरपुढच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटाच्या, बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. तो म्हणाला, आई, बाजूला हो, मी टाकणार नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी त्याने टाकायला सुरुवात केली, तीही निम्म्या वेगाने, आणि सगळे बॉल आपले बाहेर, काकूंपासून हातभर लांब. काकूंनी काय करावं? प्रत्येक बॉलनंतर त्या एकेक पाऊल प्लेटकडे सरकत गेल्या. मी मागे ग्लोव्ह धरून बसलो होतो. शेवटी त्या इतक्या पुढे आल्या की बाहेर टाकायला जागाच उरली नाही.

"टाक," काकू म्हणाल्या. "मी हलत नाही."

बॉल त्यांच्या कोपराजवळून सरळ माझ्या ग्लोव्हमध्ये आला. काकू हलल्या नाहीत. मीही हात जागच्या जागी ठेवला. तो मात्र उंचवट्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभा होता आणि जोरजोरात श्वास घेत होता. काकू म्हणाल्या, अजून टाक. त्या हिवाळ्यात काकूंच्या अंगालगत किती बॉल गेले त्याचा हिशेब नाही, आणि वेगही हळूहळू पुरा झाला. एकही लागला नाही. दवाखान्यात त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. शनिवारी सकाळी काय करता असं विचारलं की व्यायाम, असं सांगायच्या.

त्या उन्हाळ्यात तो खालच्या लीगमध्ये उजव्यांनाही आउट करायला लागला. आणि एक दिवस, वरच्या टीमच्या कुणाचा तरी खांदा दुखावला म्हणून, त्याला बोलावणं आलं. त्याने काकूंना दवाखान्यात फोन केला. काकूंनी ऐकलं, बरं म्हटलं, आणि मग मला फोन करून विचारलं की विमानाची तिकिटं कशी काढायची. एरवी त्या स्वतः अख्ख्या मंडळाची तिकिटं काढून द्यायच्या.

इथे एक सांगायला हवं. काकूंनी मुलाचा सामना कधी पाहिलेला नव्हता. सामना रंगात असताना जागेवरून कुणी उठायचं नाही, हा आपल्या घराघरातला नियम. काकूंचा नेमका उलटा होता. तो शाळेत असताना त्या एकदा उशिरा येऊन बसल्या आणि त्याच क्षणी त्याला लागोपाठ मार बसला. त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की माझी नजर त्याला बाधते. तेव्हापासून गावात सामना असला की त्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायच्या. टीव्हीवर असला की उठून भांडी घासायच्या. तो जिंकून आला की म्हणायच्या, बघ, मी नव्हते ना.

त्या परक्या शहरातल्या भल्यामोठ्या स्टेडियममध्येही त्या खुर्चीवर बसल्या ते बॅग मांडीवर घेऊन, स्टेशनवर बसतात तशा. आमची टीम दणकून हरत होती. अशा वेळी नवख्याला संधी देतात. आठव्या डावात कुंपणाचं दार उघडलं आणि तो धावत येताना दिसला. लाउडस्पीकरवरच्या माणसाने त्याच्या मराठी आडनावाची पार खिचडी केली. काकू उठल्या, मला म्हणाल्या, तू बघ, आणि पायऱ्या चढून मागच्या कॉरिडॉरमध्ये नाहीशा झाल्या.

पहिला डावखुरा होता. ते त्याचं हातखंडा काम. तीन स्ट्राइक, विषय संपला. दुसरा उजवा आला. बॉल बाहेर, बाहेर, आणखी बाहेर, आणि चौथाही बाहेर. चार बॉल असे वाया गेले, म्हणून बॅटर न खेळता फुकटात पहिल्या बेसवर चालत गेला. कोच त्याच्याशी बोलायला मैदानात उतरला. मला राहवलं नाही, मी पायऱ्या चढून धावलो. काकू खाण्याच्या स्टॉलपाशी, टीव्हीच्या पडद्याकडे पाठ करून, भिंतीवरचा मेन्यू वाचत उभ्या होत्या.

मी म्हटलं, "काकू, त्याने दुसऱ्याला फुकट जाऊ दिलं."

"मी तर इथे आहे," त्या म्हणाल्या.

"हो. तुम्ही इथे असूनही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. पार्किंगमध्ये घालवलेल्या किती संध्याकाळी त्या एका क्षणात त्यांना आठवल्या असतील. मग त्या माझ्या पुढे चालायला लागल्या. आम्ही पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी उभे राहिलो. खाली तिसरा बॅटर आला होता, उजवा, त्या टीमचा सगळ्यांत दांडगा, आणि लोक त्याच्या नावाने गजर करत होते.

पहिला बॉल बाहेर. मग तो क्षणभर थांबला, खांदा सैल केला, आणि दुसरा बॉल आत टाकला, कोपराच्या इतका जवळून की तो दांडगा गडी दचकून मागे उडाला आणि त्याचं हेल्मेट मातीत पडलं. स्टेडियमभर लोक आमच्या पोराला हुर्यो करत होते. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता.

"हा हलला," त्या म्हणाल्या.

पुढचा बॉल बाहेर होता. बॅटर आता प्लेटपासून लांब उभा होता, त्याने कशीबशी बॅट पोचवली आणि बॉल सरपटत गेला. आमच्या खेळाडूंनी तो उचलून एका दमात दोघांना आउट केलं. तिघे आउट, म्हणजे डाव संपला. तो मान खाली घालून नेहमीसारखा चालत बाहेर गेला, आंघोळीला. मी ओरडत होतो, कुणाला तरी मिठी मारत होतो, त्या माणसाचं पेय माझ्या शर्टावर सांडलं होतं. काकू नुसत्या बघत होत्या, तो दिसेनासा झाला तरी.

थोड्याच दिवसांत मूळ खेळाडू बरा झाला आणि याला पुन्हा खाली पाठवलं. वरच्या लीगमध्ये तो परत कधी खेळला नाही. पण हिवाळ्यात लग्नाची पत्रिका यावी तसं बोलावणं आलं, पुढच्या सीझनला वरच्या टीमच्या सरावशिबिराला या, संधी चांगली आहे. एका टीमला उजव्यांनाही आवरणारा डावखुरा हवाच होता. काकूंनी त्याच दिवशी त्याची बॅग माळ्यावरून काढली, दहीभातासाठी नवा डबा आणला. आणि रात्री जेवताना तो म्हणाला की मी नाही म्हणून कळवलंय. मला जे हवं होतं ते मिळालं, तो म्हणाला, इथे शाळेतल्या मुलांना शिकवायची नोकरी आहे, ती घेतो. अगदी हसतमुखाने सांगत होता. त्याच्या मनात काही खुपत नव्हतं हे मला त्याच्या जेवणावरूनच दिसत होतं.

इतकी वर्षं "सोड आता" म्हणणाऱ्या काकू वाढता वाढता थांबल्या आणि ताटावरच रडायला लागल्या. तो गडबडून गेला. "आई, आय ॲम हॅपी. रिअली. तुला हेच हवं होतं ना?"

"तू असशील रे सुखात," काकू म्हणाल्या. "मी आत्ता कुठे बघायला लागले होते."

त्याने उठून आईच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं, आणि आम्ही तिघे पार्कमध्ये गेलो. काकूंसाठी घडीची खुर्ची नेली होती, पायांवर शाल. या वेळी त्यांना बॅट धरायची नव्हती, कुठे उभं राहायचं नव्हतं. तो उंचवट्यावर चढला आणि टाकायला लागला, आतले, बाहेरचे, वळणारे, जे जे त्याला येत होतं ते सगळं, पुऱ्या वेगाने. डावा हात जपायचं आता कारणच नव्हतं. काकू हनुवटी तळहातावर टेकवून बघत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, अजून एक. माझा पंजा ग्लोव्हमध्ये सुजला होता, बोटं वाकत नव्हती, पण पुरे म्हणायची माझी छाती झाली नाही.